जाहिराती कापलेली मालिका

तयार कपड्यांच्या एका कारखान्यात शिवणयंत्रे दुरुस्त करणारे एक गृहस्थ होते. त्यांना सगळे तेलकाका म्हणत. इतर माणसे शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, तशी तेलकाका लांब नळीची तेलाची बुधली ठेवीत. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक शर्टावर डाव्या बाजूला एक पिवळट डाग असे. त्यांची पत्नी तो डाग घासताना म्हणे, "लोकांचं काळीज पाझरतं, तुमचं गळतं." यंत्रांच्या रांगेतून चालताना कोणत्या यंत्राचा धागा आता तुटणार आहे, हे तेलकाकांना नुसत्या आवाजावरून कळे. माणसांच्या बाबतीत मात्र त्यांना आधी काही कळत नसे. हे आरंभीच सांगितलेले बरे, कारण पुढचे सारे त्यातूनच घडले.

त्यांचे घर तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचे होते. बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून तेलकाकांच्या आईची खाट होती आणि खाटेच्या समोर टीव्ही होता. आतली खोली स्वयंपाकाची. दोन खोल्यांच्या मध्ये दार नव्हते, नुसता पडदा होता. परंतु शेगडी कोपऱ्यात असल्यामुळे तिथून खाट दिसत नसे. बाहेरचे फक्त ऐकू येत असे.

आईंना विसरण्याचा आजार जडला होता. दिवसभर त्या शांत असत. दुपारी झोपत, उठून बसत, साडीच्या काठाला घड्या घालत. पण बाहेरचा उजेड कमी होऊ लागला की त्यांचा जीव घाबरा होई. त्या पिशवीत टॉवेल कोंबत आणि दाराची कडी काढू लागत.

"कुठे निघालात?" सून विचारी.

"घरी. माझी माणसं वाट बघत असतील."

"अहो, हेच तुमचं घर."

"तुमचं असेल, बाई. छान आहे. पण आता मला सोडा."

एकदा त्या खरोखरच गेल्या. बसथांब्यावर प्रत्येकाला 'घरी जाणारी बस कोणती' असे विचारत होत्या. शेवटी एका फळवाल्याने आपली गाडी तशीच टाकून त्यांना हाताला धरून परत आणले. त्या दिवसापासून सुनेने कारखान्यातले काज-बटणांचे काम सोडले आणि ती घरी राहिली. 'घरी राहिली' हे दोन शब्द लिहायला सोपे आहेत. प्रत्यक्षात तिला चार पायऱ्या उतरून कचरा टाकून येण्याचीही सोय उरली नाही.

त्या संध्याकाळच्या वेळेला एकच गोष्ट आईंना खाटेवर बसवून ठेवी. ती म्हणजे टीव्हीवरची एक लांबलचक मालिका. दोन बहिणी खानावळ चालवतात आणि तिथे येणारे प्रत्येक गिऱ्हाईक काही ना काही भानगड घेऊन येते, अशी ती कथा होती. आई ती पाहताना जागच्या हलत नसत. तेवढ्या वेळात सून स्वयंपाक उरकी.

पण कोणतीही गोष्ट कधी तरी संपतेच. मालिका संपली. त्या जागी गाण्यांची स्पर्धा आली आणि पहिल्याच संध्याकाळी आईंनी पिशवी भरली. वाहिनीने तीच खानावळ दुपारी पुन्हा पहिल्या भागापासून दाखवायला घेतली, परंतु दुपारी आई झोपलेल्या असत. दुपारचे संध्याकाळी कसे आणावे, हा प्रश्न होता. रेकॉर्डर बांधण्याचे खूळ तेलकाकांच्या डोक्यात शिरले ते इथे.

"भाऊजी, रेकॉर्डिंगचा तयार डबा मिळतो की," मेहुणा म्हणाला. हा पत्नीचा धाकटा भाऊ. स्वभावाने चांगला, परंतु घाईचा. "कंपनीचा माणूस येतो, लावून जातो. तुम्हाला हात काळे करायची हौसच फार."

"त्यातलं रेकॉर्डिंग कंपनी वाटेल तेव्हा पुसते. दुसऱ्याच्या पेटीत ठेवलेलं आपलं नसतं."

"आणि तुमच्या पेटीतलं?"

"ती उघडून बघता येते," तेलकाका म्हणाले.

खरे कारण तेच होते. कारखान्याच्या कार्यालयातला संगणक चालवणारा माणूस त्यांना एकदा म्हणाला होता की, जगभरच्या माणसांनी मिळून लिहिलेले, टीव्ही रेकॉर्ड करण्याचे एक सॉफ्टवेअर आहे. ते कुणाच्या मालकीचे नाही. ते घ्यावे, उघडावे, आतले पाहावे, हवे तसे बदलावे. ज्याने आयुष्यभर यंत्रांची पोटे उघडून पाहिली, त्याला ह्याहून मोठे आमिष कोणते असणार! कार्यालयातून मोडीत निघालेला एक संगणक त्यांनी मागून आणला. त्यात टीव्हीची तार जोडण्याचे कार्ड बसवले. हार्ड डिस्कची थरथर खोक्यात घुमू नये म्हणून तिच्याखाली जुन्या चपलेच्या रबराचे तुकडे कापून घातले. पंखा कुरकुरू लागला, तेव्हा त्याला शिवणयंत्राचे तेल दिले.

पहिल्या सुट्टीत चित्र आले, आवाज आला नाही. पुढच्या सुट्टीत आवाज आला, पण तो ओठांच्या मागून रखडत येई. म्हणजे धाकटी बहीण तोंड मिटून उभी आणि थोरलीचे तोंड चालू असताना धाकटीचा आवाज. आईंना त्याचे काहीच वाटले नाही. "भांडणात असंच होतं," त्या म्हणाल्या. अडचण आली की तेलकाका ती त्या सॉफ्टवेअरच्या इंटरनेटवरच्या मंडळात विचारत. तिथे कुठल्या कुठल्या देशांतली अनोळखी माणसे उत्तरे देत आणि ती उत्तरे तेलकाका फोनवर भाषांतर करून, बोट ठेवून वाचत. शेवटी एके दिवशी दुपारची खानावळ संध्याकाळी उघडली. आई खाटेवर बसल्या. सुनेने पडद्याआडून डोकावून पाहिले आणि कांदा चिरायला घेतला.

म्हणून सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. फुकटचा घोडा झाला तरी दाणा-वैरण आपल्यालाच घालावी लागते. वाहिनीचे घड्याळ पुढे-मागे होई, म्हणून भागाचे शेपूट तुटे. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घातली की रिमोट चालेनासा होई. प्रत्येक सुट्टी त्या खोक्यात जाऊ लागली. तेलकाका टीव्हीच्या मागे वाकून बसलेले असत आणि आईंना समोरून फक्त त्यांची पाठ दिसे. हळूहळू त्यांना मुलाचा विसर पडला आणि ह्या पाठीला त्या 'टीव्हीवाले' म्हणू लागल्या.

"टीव्हीवाले, चहा घेऊन जा हं. तसे जाऊ नका."

"घेतो, आई."

"बघा, आई म्हणतात. वळण चांगलं आहे," त्या सुनेला सांगत.

तेलकाकांनी ह्यावर कधी तक्रार केली नाही. ते तसेच वाकून तारा नीट करीत राहत.

मग डिस्क भरली, कारण दुपारची खानावळही कधी तरी बंद होणार म्हणून तेलकाका एकही भाग पुसत नसत. मालिका वर्षानुवर्षे चाललेली आणि त्या जुन्या संगणकाला आहे त्याहून मोठी डिस्क ओळखता येईना. जागा संपली की सर्वांत जुने रेकॉर्डिंग आपणहून पुसायचे, असा त्या सॉफ्टवेअरचा नियम होता. एके दिवशी खानावळ उघडण्याचा पहिला भाग नाहीसा झालेला तेलकाकांना दिसला. त्यांनी नियम बंद केला आणि जागा कशी वाचवावी ह्याचा विचार करू लागले. उपाय त्या सॉफ्टवेअरमध्येच होता. जाहिराती ओळखून कापणे!

ती युक्ती तेलकाकांना फार आवडली. मालिका थांबून जाहिरात सुरू होताना पडदा क्षणभर काळा होतो आणि कोपऱ्यातले वाहिनीचे चिन्ह जाते. सॉफ्टवेअर ह्या खुणा शोधून काढते, तिथे कात्री लावते आणि दोन टोके जोडून देते. तेलकाकांनी प्रत्येक जोड स्वतः पाहिला. उत्तम शिवणीत टाका दिसत नाही, तसा जोड दिसता कामा नये, हा त्यांचा आग्रह. जिथे एखादा शब्द अर्धा तुटला होता, तिथे त्यांनी हाताने दुरुस्ती केली. सुट्ट्यांमागून सुट्ट्या गेल्या. काम संपल्यावर त्यांनी मूळ रेकॉर्डिंगे पुसून टाकली आणि कंबर धरून उभे राहिले.

"झालं. आता आईला एकसुद्धा जाहिरात दिसणार नाही."

"सुटले बाई," पत्नी म्हणाली. "त्या साबणाच्या गाण्यानं डोकं उठायचं."

पहिल्या दिवसापासूनच काहीतरी बिनसले, परंतु ते कुणाच्या लगेच ध्यानात आले नाही. आई मालिका पाहायला बसत. थोड्या वेळाने उठत. मग पुन्हा पिशवी, पुन्हा कडी. सून शेगडी बंद करून धावे, त्यांना आणून बसवी, परत आत जाई आणि पुन्हा कडीचा आवाज येई. स्वयंपाक अर्धा राही. तेलकाका घरी येत तेव्हा दोघी दारात उभ्या असत, एक पिशवी धरून आणि दुसरी पिशवी धरणारीला धरून.

तेलकाकांना वाटले, यंत्रात दोष आहे. कापताना चित्र मंद झाले असेल म्हणून त्यांनी ते उजळ केले. आवाज वाढवला, मग कमी केला. मंडळात विचारले की, जाहिराती कापल्यापासून पाहणारे माणूस बेचैन होते, आवाज पुढे-मागे होत असेल काय? अनोळखी माणसांनी सौजन्याने उत्तरे दिली. हे तपासा, ते तपासा. तेलकाकांनी सगळे तपासले. सगळे ठीक होते. प्रश्नच चुकीच्या जागी विचारला असेल, तर उत्तर देणाऱ्याचा काय दोष?

पत्नी म्हणाली, "अहो, यंत्राचं काही नाही. आजार वाढलाय. डॉक्टर म्हणालेच होते वाढेल म्हणून."

एका संध्याकाळी आई जिन्यावरून खाली निघाल्या. सून मागे धावली आणि तिचा पाय मुरगळला. आई सुखरूप राहिल्या. कठडा धरून त्या म्हणाल्या, "अगं, जपून. एवढी घाई कसली?"

दुसऱ्या दिवशी मेहुणा आला. बहिणीचा सुजलेला घोटा पाहून तो तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"ताई, आरशात कधी बघितलंस शेवटचं?"

"आरशाला वेळ कुठाय?"

"मी एका वृद्धाश्रमात बोलून ठेवलंय. एक खाट रिकामी आहे. नर्स आहे, बायका आहेत, फाटकाला कुलूप असतं. ह्या आठवड्यात हो किंवा नाही सांगायचंय." मग तो तेलकाकांकडे वळला. "भाऊजी, मी वाईट माणूस नाही. पण माझी बहीण एकच आहे."

तेलकाकांनी पत्नीकडे पाहिले. तिने घोट्यावरचा पट्टा सोडून पुन्हा बांधला. ती नाही म्हणाली नाही. तेलकाकाही नाही म्हणाले नाहीत. खाटेवरून आई म्हणाल्या, "पाहुण्यांना पाणी दिलंत का कुणी?"

पत्नीचा पाय जमिनीला टेकत नव्हता, म्हणून तेलकाकांनी कारखान्यातून रजा घेतली. इतक्या वर्षांत ते संध्याकाळच्या त्या वेळेला प्रथमच टीव्हीच्या मागे न बसता समोर बसले. नेहमी ते एक तर कामावर असत किंवा खोक्यात डोके घालून असत, आणि समोर बसलेल्या माणसाचे काय चालले आहे हे खोक्याच्या मागून दिसत नाही. पत्नी आत स्टुलावर बसून वाटाणे सोलत होती. तेलकाकांनी मालिका लावली आणि भिंतीला टेकून जमिनीवर बसले. ते इतके थकले होते की त्यांना टीव्हीकडेही पाहवेना. म्हणून ते आईकडे पाहत राहिले.

खानावळीत भांडण रंगले. थोरली बहीण हातातली पळी आपटून निघून गेली. तिथेच पूर्वी जाहिराती लागत. तेलकाकांनी स्वतः तो जोड जुळवला होता, त्यामुळे त्यांना ती जागा पाठ होती. नेमक्या त्या जागी आईंनी पाय जवळ घेतले, खाटेच्या कडेला सरकल्या आणि शेजारच्या चादरीवरून हात फिरवून ती नीट केली. मग त्यांनी मान वळवली. टीव्हीवर पुढचा प्रसंग सुरूही झाला होता. आई टीव्हीकडे पाहत नव्हत्या. त्या स्वयंपाकघराच्या पडद्याकडे पाहत होत्या. त्यांनी आणखी एकदा चादर नीट केली. मग त्या उठल्या आणि पिशवी शोधू लागल्या.

"आई, काय हवंय?"

"तुमचं चालू द्या, टीव्हीवाले. ती आली नाही. बघून येते कुठे राहिली."

"कोण?"

"ती हो. माझी."

तेलकाकांनी त्यांना हाताला धरून बसवले आणि पडदा सारून आत गेले.

"जाहिराती लागायच्या तेव्हा तू काय करायचीस?"

पत्नीने वर पाहिले. "हे काय आता मध्येच?"

"सांग ना."

"काय करणार? साबणाचं गाणं ऐकू आलं की गॅस बारीक करायचे आणि जाऊन बसायचे त्यांच्याजवळ. गोळी द्यायचे, पाणी द्यायचे. त्या विचारायच्या, आता काय होणार गं? मी म्हणायचे, तुम्हीच सांगा, तुम्ही शहाण्या. मग त्या सांगायच्या. दरवेळी वेगळंच." तिच्या बोटांतले वाटाणे तसेच राहिले. "जाहिराती संपल्या की स्वतःच म्हणायच्या, जा आता, करपेल."

"मग आता का जात नाहीस?"

"कधी जाऊ?" तिचा आवाज चढला. "तुमची मालिका मध्ये श्वास तरी घेते का? एकदा लागली की धावत सुटते. मी आतून काय ओळखायचं?" मग ती हळूच म्हणाली, "आणि खरं सांगू? मला बरंच वाटत होतं. सलग काम उरकेल असं वाटायचं. कुणाजवळ जाऊन बसायला नको. मी दमलेय हो."

तेलकाका शेगडीजवळच्या भिंतीला टेकून उभे राहिले. इतक्या सुट्ट्या घालवून, टाका दिसू नये अशा नजाकतीने, त्यांनी आपल्या आईच्या संध्याकाळमधून सून कापून काढली होती.

"म्हणजे औषध तुमच्या डब्यात नव्हतंच," पत्नी म्हणाली. तिला हसू आले, पण ते पुरते बाहेर पडले नाही. "मीच होते. डबा नुसती घंटा वाजवायचा."

"घंटा मी परत बसवतो."

"बसवा. पण घंटा वाजली की उठायचं मलाच ना?"

बुधलीतल्या तेलाने भागेल असा हा कुरकुर करणारा सांधा नव्हता. तेलकाका तिच्यासमोर बसून वाटाणे सोलू लागले. मग म्हणाले, "पहिल्या जाहिरातीला तू. दुसरीला मी."

"तुम्ही तेव्हा कारखान्यात असता."

"सकाळची पाळी मागतो. इतकी वर्षं काही मागितलं नाही."

मूळ जाहिराती पुसल्या गेल्या होत्या. साबणाचे ते गाणेही आता टीव्हीवर लागत नव्हते. तेव्हा तेलकाकांनी चालू जाहिराती रेकॉर्ड केल्या. दंतमंजन, रंग, गाद्या, जे सापडेल ते. परंतु त्या सॉफ्टवेअरमध्ये जाहिराती काढण्याची सोय होती, घालण्याची नव्हती. त्यांनी मंडळात विचारले. पहिल्या माणसाने लिहिले, 'आपण उलटे लिहिलेत, आपल्याला काढायच्या असतील.' तेलकाकांनी उत्तर दिले, 'नाही. घालायच्या आहेत. घरात त्यांची आवश्यकता आहे.' दिवसभर कुणीच बोलले नाही. मग कुणा एकाने कसलीही विचारपूस न करता आज्ञांच्या काही ओळी लिहून पाठवल्या. तेलकाकांनी त्या चालवल्या. ज्या शिवणी त्यांनी अभिमानाने घातल्या होत्या, त्या एकेक करून उसवल्या आणि मध्ये दंतमंजन बसवले. सगळे भाग अर्थातच झाले नाहीत. तेवढी जागाही नव्हती. त्यांनी शेवटचे पुष्कळ भाग पुसून टाकले. खानावळीचे पुढे काय झाले हे त्या घराला आता कधीच कळणार नव्हते, आणि आईंना तर ते दरवेळी वेगळेच ठाऊक होते.

आठवडा संपायच्या आत मेहुण्याचा फोन आला. तेव्हा बाहेरच्या खोलीत दंतमंजनाचे गाणे चालू होते आणि पत्नी लंगडत जाऊन आईंजवळ बसली होती. आईंनी तिला जागा करून दिली होती आणि खानावळीत आता आग लागणार असे त्या तिला पटवून देत होत्या. पत्नीने फोन कानाला लावला.

"काय ठरलं, ताई?"

"ती खाट दुसऱ्या कुणाला दे."

"नक्की?"

"आत्ता तरी," ती म्हणाली आणि डोळे मिटून भिंतीला टेकली.

त्या संध्याकाळपासून आई एकदाही उठल्या नाहीत, असे म्हणणे खोटे होईल. कधी कधी त्या उठत. कधी पिशवीही भरत. आजार आपल्या वाटेने चाललाच होता. परंतु बहुतेक दिवशी स्वयंपाक पुरा होई आणि घोट्याची सूज उतरत गेली.

सकाळची पाळी मिळाल्यावर तेलकाका पहिल्यांदा वेळेवर घरी आले, तेव्हा दुसऱ्या जाहिराती नुकत्याच लागल्या होत्या. ते चपला काढून खोक्याकडे निघाले. सवयीच्या माणसाचे पाय सवयीच्याच वाटेने जातात.

"टीव्हीवाले," आईंनी हाक मारली. चादर नीट केलेली होती. "रोज मागेच काय बसता? इथे बसा."

ते बसले. डोळे जड झाले होते आणि हातांना तेलाचा वास येत होता.

"आता काय होणार?" त्यांनी विचारले. पत्नीने तसे शिकवले होते.

"धाकटी घर सोडणार. पण परत येईल. माझाही मुलगा येतो ना ह्याच वेळेला कामावरून."

"हो. येतो."

गादीची जाहिरात लागली. तेवढ्यात खोक्यातला पंखा कुरकुरू लागला. तेलकाकांचा हात आपोआप खिशातल्या बुधलीकडे गेला आणि ते अर्धे उठले. आईंनी त्यांची बाही धरली.

"बसा हो. अजून जाहिराती आहेत."

पंखा कुरकुरत राहिला. तेलकाका बसून राहिले.